शिंपल्याचं हाड

लग्नात, बारशात, नागपूरच्या बसमध्ये कुणीतरी विचारतंच, "तू करतेस तरी काय गं?" मी सांगते, "हाडं बनवते." त्यानंतर समोरच्याच्या तोंडावर जे उमटतं ते पाहायला मला फार आवडतं. एका लांबच्या मामींनी तर जेवता जेवता हात ताटातच थांबवला होता. मग मला घाईघाईनं सांगावं लागलं की मामी, कुणाचीही नव्हे, भट्टीतली. त्यानं त्यांचं समाधान झालं असं वाटत नाही.

अनुभव लिहायचे ते केस पिकल्यावर, असं माझ्या वडिलांचं मत. माझे अजून पिकायचे आहेत. पण आमच्या फुलचूरच्या घरात लिहिण्याला वयाची अट कधीच नव्हती. वडील छापखान्यात होते. मजुरीचा प्रश्न, बुवाबाजी, तलावाच्या पाळीवरचं अतिक्रमण, गोंदियात लोकांना ज्या ज्या गोष्टीचा राग येई तिचं पत्रक आमच्या अंगणात दोरीवर वाळत असे. मी बाराखडी त्या पत्रकांवर गिरवली. त्यामुळे माझ्या वाक्याला उद्गारचिन्ह जरा लवकर चिकटतं. संपादकांनी त्यातली निम्मी काढली तरी माझी तक्रार नाही.

तर हाडं. खरं सांगायचं तर हाड आम्ही बनवत नाही, हाड शरीरच बनवतं. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं. आपण झोपतो, भांडतो, भात कांडून आणतो, तेव्हा आत कुणी जुनं हाड कुरतडत असतं आणि कुणी नवं बांधत असतं. छोटी भेग शरीर आपली आपण बुजवतं. पण मोठी पोकळी पडली की बांधणाऱ्या पेशींना पाय ठेवायला जागा उरत नाही. तिथे आम्ही सच्छिद्र मातीची एक जाळी ठेवू पाहतो. पेशी त्या छिद्रांत शिरतात, रक्तवाहिन्या मागोमाग येतात, हाड जाळीवर चढतं आणि जाळी हळूहळू विरघळून जाते. जी वस्तू आपलं काम झाल्यावर नाहीशी होते तिच्यावर माझा जीव आहे. पुढाऱ्यांमध्ये हा गुण आढळत नाही.

ही जाळी बनवायची युक्ती ऐकली की लोक हसतात. गादीतला स्पंज घ्यायचा, छोटे तुकडे कापायचे, पांढऱ्या पातळ चिखलात बुडवून पिळायचे, वाळवायचे आणि भट्टीत ठेवायचे. स्पंज जळून जातो आणि त्याच्या आकाराची दगडी जाळी मागे राहते. चिखलासाठी लागतो चुना, फॉस्फरसचं आम्ल आणि थोडी शुद्ध वाळू, म्हणजे सिलिका. चुना शिंपल्यातून मिळतो आणि सिलिका धानाच्या कोंड्याच्या राखेतून. या दोन्ही गोष्टी गोंदिया जिल्ह्यात जितक्या आहेत तितकी आमच्याकडे माणसंही नसतील. मी एका राइस मिलच्या मुनीमजींकडे पहिल्यांदा राख मागायला गेले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"क्या मॅडम, मंजन बनाओगे?"

"नहीं, हड्डी."

"किसकी?"

तेव्हापासून मिलमध्ये माझं नाव हड्डीवाली मॅडम. टाइल्सचे एक दुकानदार तर, आमची माती जंतूही मारते असं कुठूनसं ऐकून, प्रयोगशाळेत येऊन बसले आणि म्हणाले, "जंतू मारनेवाली बाथरूम टाइल बना दो, पूरा गोंदिया लेगा." मी नाही म्हटलं. ते जाताना भट्टीकडे असे पाहत गेले, जणू सोन्याची खाण मूर्खांच्या ताब्यात आहे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एका महाविद्यालयाच्या मागच्या अंगाची लांबट खोली. दुपारी भट्टी हजार अंशांकडे चढू लागली की काही करण्यासारखं नसतं. दाराच्या छोट्या भोकातून आतला केशरी उजेड दिसतो. बाहेर बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ विमान त्याच त्या वर्तुळात घिरट्या घालत असतं. आत स्पंज जळत असतो, वर कुणीतरी उडायला शिकत असतं, आणि मधे मी स्टुलावर. अशा वेळी मला ती जाळी सूक्ष्मदर्शकाखालची वाटत नाही. वाटतं, आपण विमानात बसलोय आणि खाली धानाच्या बांध्याच बांध्या आहेत, प्रत्येकीला मातीचा धुरा, प्रत्येकीत पाणी, आणि कुणीतरी अदृश्य माणसं वाकून रोवणी करताहेत. त्या पेशी असतात. त्या मागे सरकत सरकत लावत जातात. मला पगार प्रामुख्यानं हे पाहण्यासाठी मिळतो असं माझं मत आहे.

शिंपल्या यायच्या चोरखमाऱ्याहून. तिथल्या तलावावर मासेमारी करणारे मोतीरामभाऊ त्या गोळा करून पोत्यात भरून द्यायचे. त्यांची माझी ओळख पत्रकामुळे झाली. काम सुरू केलं तेव्हा मी सवयीप्रमाणे एक पत्रक छापून तलावाकाठच्या गावात वाटलं होतं. त्यात लिहिलं होतं: 'शिंपला तुमचा, धान तुमचं, त्यातून निघणारं औषधही तुमचंच!' मोतीरामभाऊंनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि मला लुंगी वर करून आपली नडगी दाखवली.

गुडघ्याखाली एक बारीक भोक. त्यातून पू यायचा, मधेच बंद व्हायचा, पुन्हा यायचा. मोटारसायकलवरून पडून हाड मोडलं होतं, त्यानंतरची ही कथा. हाडात जंतू शिरले की ते मेलेल्या तुकड्यात जाऊन बसतात. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून गोळीही पोचत नाही. वर चिकट पडदा ओढून ते आत संसार थाटतात. म्हणूनच आमच्या जाळीत आम्ही जंतूंना न मानवणारा धातू कणभर घालत होतो. कणभरच. जास्त झाला तर जंतूंबरोबर हाड बांधणाऱ्या पेशीही मरतात. सगळी कला त्या कणात आहे.

"मंग माह्या पायात कधी टाकता जी?" मोतीरामभाऊ प्रत्येक पोत्याबरोबर विचारायचे.

"भाऊ, अजून पुष्कळ आहे. आधी पेशींवर, मग जनावरांवर, मग समित्या, परवानग्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय ना? ते करून घ्या. मेलेलं हाड खरवडून काढतील."

"पाहू ना," ते म्हणायचे आणि शिंपल्यांचं पोतं असं जपून खाली ठेवायचे, जणू आत त्यांचंच हाड आहे.

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. उशीर केला तर जंतू गुडघ्यापर्यंत चढतील आणि मग पाय वाचवता येणार नाही. हे मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. तलावात उभं राहून जाळं ओढणाऱ्या माणसाला पाय म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आता चकत्यांचा दिवस. जंतूंवरची चाचणी सोपी असते. काचेच्या बशीत जेलीसारखं अन्न ओतायचं, त्यावर जंतू पसरायचे, वर आमच्या मातीच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि ऊबदार पेटीत बशी ठेवून द्यायची. सकाळपर्यंत बशीवर जंतूंची साय धरते. चकतीत दम असेल तर तिच्याभोवती साय धरत नाही, चंद्राला खळं पडतं तशी स्वच्छ कडी दिसते. यात एक चकती बिनधातूची, साधी ठेवतात. ती हरायलाच ठेवलेली असते. ती हरली तर बाकीच्यांचं जिंकणं खरं.

त्या सकाळी साध्या चकतीभोवतीही खळं पडलं होतं.

आमचे सर निवृत्तीला आलेले, मवाळ, आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांची कौतुकं ऐकून घेतलेले. त्यांनी बशी खिडकीशी धरली. त्यांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं.

"अगं, आपला शिंपलाच जंतू मारतोय! काहीही न घालता! ही आपल्या तलावाची देणगी आहे."

"सर, हे होऊ शकत नाही."

"काऊन नाही?" सर मूळचे तिरोड्याकडचे, उत्साहात आले की त्यांचं पुस्तकी मराठी सुटायचं. "सगळं पुण्यातच होते का? गोंदियात काही होऊच नये असं लिहून ठेवलं आहे का कुठं?"

पुढच्या परिषदेसाठी त्यांनी त्याच दुपारी तिथे लावायच्या फलकाचं शीर्षक ठरवलं: 'तलावाची देणगी'. मी खोटं बोलणार नाही, ते शीर्षक मलाही मोहवत होतं. माझ्याच एखाद्या पत्रकातलं वाटत होतं. रात्रभर डोळ्यांसमोर एक तलाव, त्याच्या तळाशी उजेड, आणि लोक ओंजळीनं तो उजेड उपसून जखमांवर लावताहेत. इतकं सुंदर दिसलं की सकाळी उठून मला त्याचा संशय आला.

पहिला संशय चुन्यावर. चुना नीट मुरला नसेल तर तोही जंतूंना जाळतो. तपासलं, चुना मुरला होता. मग त्या साध्या चकत्या पांढऱ्या कागदावर ठेवल्या. अगदी फिकट निळसर झाक. जुन्या चकत्या शेजारी ठेवल्या तर त्या दुधासारख्या पांढऱ्या. शिल्लक शिंपल्यांचं पोतं उघडलं. काही शिंपल्यांच्या खाचांत हिरवट रंग होता. तो मी पोतं आलं त्याच दिवशी पाहिला होता. तलावातल्या वस्तूवर हिरवं काही दिसलं तर आमच्याकडचा कुणीही काय म्हणेल? शेवाळ. भट्टीत जळून जाईल, म्हणून मी पुढे गेले होते. पण शेवाळ जळतं आणि धातू जळत नाही. मी दुसऱ्याच दिवशी चोरखमाऱ्याची बस धरली.

मोतीरामभाऊंची बायको शकुनबाई अंगणात बसली होती. पुढ्यात पाणी भरायचा तांब्याचा मोठा गुंड. त्यात चिंचेचं आंबट पाणी आणि पाण्यात शिंपल्या. ती एकेक काढून नारळाच्या काथ्यानं घासत होती आणि परत आत सोडत होती. गुंडाला आतून नव्या लग्नासारखी झळाळी आली होती.

मी गुंडापाशी जाऊन बसले. चिंचेनं तांबं सुटतं, शिंपल्याला चिकटून बसतं, आमच्या भट्टीतून साध्या चकतीत जातं आणि जंतू मारतं. तलावाची देणगी शकुनबाईच्या गुंडातून येत होती.

"बाई, या कायले धुता तुम्ही? आम्ही त्या तिकडे धुतोच."

तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. रागानं नव्हे. मला कळत कसं नाही, याचं नवल होतं तिला.

"त्यायच्या पायात टाकाचं आहे ना जी? मंग तसंच चिखलाचं कसं देऊ? बिमार मानसाचं पानी आमी याच गुंडात ठेवतो. पयले यायनं तसेच नेले पोते. मले समजलं तवा मी म्हनलं, आता माह्या हातचे धुतलेलेच जातीन."

"त्यांच्या पायात नाही टाकायचं हे," मी म्हणाले.

काथ्या थांबला.

मोतीरामभाऊ ओसरीवर पाय लांब करून बसले होते. नडगीभोवती सूज होती, मागच्या वेळेपेक्षा वर चढलेली. ते हसले. "तू मॅडमचं आयकू नको. ते नाई नाईच म्हनत असतेत. होईन तयार."

"भाऊ, ऑपरेशनची तारीख मिळाली होती ना तुम्हाला?"

ते नडगीवरची लुंगी सारखी करू लागले.

शकुनबाई उठली. "तारीख? तुमी त म्हनलं डाक्टरच नाई आला!"

"अवं, आला असन. मीच नाई गेलो." मग माझ्याकडे वळून, "कायले जाऊ जी? ते खरवडून टाकतेत न पोकळ ठेवतेत. तुमचं होऊन राहिलं आहे, त दोन्ही एकाच टायमाले करून घेऊ. मी सही करून देतो. मेलो त माह्या मताने मेलो."

"तुमच्या सहीनं माझा चुना औषध होत नाही, भाऊ!"

"मंग पत्रक कायले वाटलं? त्यात लिवलं नाई का, औषध तुमचंच म्हनून? वा! पत्रक वाटाचं तुमी, अन् थांबाचं आमी."

पत्रकातलं ते वाक्य मी आजही खोडणार नाही. औषध त्यांचंच आहे. पण त्यांचं अंग आमची काचेची बशी नाही. गरिबाच्या शरीरावर आधी करून पाहायचं आणि मग शहरात विकायचं, हे ज्यांनी ज्यांनी केलं त्यांच्याविरुद्धची पत्रकं आमच्याच अंगणात वाळायची. मी हे सगळं त्यांना बोलले, बहुधा आवश्यकतेपेक्षा मोठ्यानं. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मोतीरामभाऊंवर काही परिणाम झाला नाही. भाषणांची त्यांना सवय होती, निवडणुका सगळीकडेच येतात.

शकुनबाई मात्र माझ्यासमोर येऊन बसली. "ते सोडा. एक सांगा. यायचा पाय राह्यते का?"

"आता गेलात तर डॉक्टर म्हणतात राहील. आमच्यासाठी थांबलात तर आमचं होईल तेव्हा त्यात भरायला पाय नसेल."

तिनं ओले हात पदराला पुसले. मग नवऱ्याकडे वळली.

"आयकलं? मी अथी शिंपले घासू घासू हाताचं चामडं काढून राहिली, अन् तुमी तिकडं तारीख चुकवून राहिले! उठा. कपडे भरा."

"आता? आज त बस..."

"बस नाई त कोनाची गाडी मांगा. पायावर चालता येते तवरोक चाला."

मोतीरामभाऊंनी माझ्याकडे मदतीच्या आशेनं पाहिलं. मी पिशवी शोधायला आत गेले.

परत आल्यावर सरांना सांगणं त्याहून कठीण होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तांबं त तांबं. काम तर करून राहिलं ना?"

"किती तांबं, ते कुणालाच माहीत नाही सर. पुढच्या पोत्यात चिंच जास्त पडली तर पेशी मरतील. कमी पडली तर जंतू वाचतील."

"आणि तलाव?"

"तलावात शिंपल्या आहेत."

सर खिडकीशी गेले. वर शिकाऊ विमान वळण घेत होतं, ते दिसेनासं होईपर्यंत त्यांनी पाहिलं. मग त्यांनी फलकाच्या मसुद्यावरचं शीर्षक स्वतःच्या हातानं काट मारून खोडलं आणि म्हणाले, "मोजून घाल. पहिल्यापासून." परिषदेला आम्ही गेलो नाही. मी अनेक मोर्चे पाहिलेत, पण त्या काट मारण्याइतकं धाडस थोड्या ठिकाणी पाहिलं.

मोजलेल्या तांब्यावरचं काम अजून चालू आहे. कधी कडी चांगली पडते आणि पेशी रुसतात, कधी उलट. बाहेरच्या माणसाला यात काय आहे ते समजावणं अवघड. रोज थोडं चुकायचं आणि ते चुकणं लिहून ठेवायचं, असा हा धंदा. पण दुपारच्या भट्टीसमोर मला अजूनही त्या बांध्या दिसतात, आणि रोवणी पुढे सरकलेली असते.

मोतीरामभाऊंचं ऑपरेशन झालं. मेलेलं हाड खरवडलं, जंतुनाशक औषधाचे मणी आत ठेवले, नंतर काढले, गोळ्या-इंजेक्शनं चालली. मध्ये एकदा पुन्हा ताप भरला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पाहून मी कॉरिडॉरमध्ये गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तो ताप उतरला. भोक बुजलं.

मागच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर होते. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर लावला. नडगीत चमच्यानं उकरल्यासारखी एक काळी जागा होती आणि तिच्या कडांनी आत काहीतरी शिरत होतं, पहाटे तलावावर धुकं चढावं तसं पांढरट, धड आकार नसलेलं.

"भर रहा है," डॉक्टर म्हणाले. "धीरे-धीरे. अभी पूरा वजन मत डालो."

मी त्या काळ्या जागेकडे पाहत राहिले. आमचा तुकडा तिथे किती नेमका बसला असता, हे डोळ्यांनी मोजल्याशिवाय राहवलं नाही. तेवढ्यात शकुनबाई बाजूला आली.

"हे कायनं भरून राहिलं जी?"

"त्यांच्याच हाडानं."

"आपल्या मनानं?"

"हो. आपल्या आपण."

तिनं फोटो नीट पाहिला, मग मला नीट पाहिलं. "मंग तुमचं कायले पायजे?"

इतक्या वर्षांत कुठल्याही तज्ज्ञानं मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, "यांची जागा लहान होती, बाई. काहींची मोठी असते. त्यांचं भरत नाही."

बाहेर पुढच्या रोग्याचं नाव पुकारलं गेलं.

"त्यायच्यासाठी मंग लवकर करा," ती म्हणाली. "बसून नका राहू."

मोतीरामभाऊंनी तोवर खुर्चीच्या कडेला दोन्ही हात टेकले होते. सूज उतरून बारीक झालेला तो पाय त्यांनी फरशीवर ठेवला, आधी टाच, मग पंजा, आणि वजन न टाकता नुसता तसाच ठेवून ते त्याच्याकडे पाहत बसले.